शून्याचा वाफा

शून्याच्या वाफ्यात गव्हाला फुटवा येत नाही. एक दाणा, एक काडी आणि काडीच्या टोकाला बोटाच्या दोन पेरांएवढी ओंबी. इतर वाफ्यांत एका दाण्यातून पाच-सहा काड्या निघतात, रोपं एकमेकांत मिसळतात, खालची माती झाकून जाते. शून्याच्या वाफ्यात रोपं एकमेकांपासून फटकून उभी असतात आणि त्यांच्यामधून माती दिसत राहते.

डिसेंबर संपत आला होता. क्रांती वाफ्याच्या ईशान्य कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली होती. तिच्यासमोरच्या रोपाला तीन काड्या होत्या. तिने चष्मा कपाळावर ढकलला आणि रोपाच्या बुडाशी बोट घालून माती हळूच बाजूला केली. कधीकधी दोन दाणे जवळजवळ पडतात आणि दोन रोपं एकासारखी दिसतात. तसं नव्हतं. बूड एकच होतं. शेजारच्या रोपालाही दोन फुटवे होते, त्याच्या पलीकडच्याला एक. सुपाएवढ्या जागेतली सगळी रोपं थोडी रुंद पानांची, थोडी गडद. त्या सुपाच्या बाहेर पुन्हा एकेक काडी.

कुठल्याही शेतकऱ्याने हे बघून मान डोलावली असती. क्रांतीने फुटवे पुन्हा मोजले, आपली चूक निघावी म्हणून.

कसबा बावड्यात नदीच्या अंगाला, उसाची रानं आणि नवी अपार्टमेंटं यांच्या मध्ये, एका ट्रस्टचं छोटं माती संशोधन केंद्र आहे. तिथे मगदूम सरांनी १९७८ साली हा प्रयोग मांडला. सारखे वाफे पाडायचे. खरिपात जोंधळा, रब्बीत गहू, दरवर्षी तेच. एका वाफ्याला शेणखत, एकाला नुसता युरिया, एकाला सगळी खतं मिळून आणि एकाला काहीच नाही. पीक बुडापासून कापायचं, धसकटंसुद्धा वेचून बाहेर टाकायची. बाहेरून काही न मिळता माती स्वतःच्या जिवावर किती देते आणि किती वर्षं देते, एवढा एकच प्रश्न. त्याचं उत्तर दोन-चार वर्षांत मिळत नाही, दहा वर्षांतही मिळत नाही. सर निवृत्त झाले, पुढे वारले, तरी प्रश्न चालूच होता. तो क्रांतीकडे आला तेव्हा ती नुकती शिक्षण संपवून आली होती. आता येत्या मे महिन्यात ती निवृत्त व्हायची होती.

शून्याचे वाफे आधी चार होते. एक रस्ता रुंद करताना गेला. दोन २०१९ च्या महापुरात गेले. म्हणजे होते तिथेच राहिले, पण पाणी ओसरलं तेव्हा त्यांच्यावर वीतभर गाळ बसला होता. नदीने आणून घातलेलं खतच ते. उंचवट्यावरचा तेवढा एक कोरडा राहिला आणि तेव्हापासून सगळा प्रयोग त्या एकावर तगून होता.

तेव्हापासूनच ट्रस्टचे अध्यक्ष हंबीरराव दर फेब्रुवारीत शेतफेरीला आले की बांधावर उभे राहून विचारायचे, "काय मॅडम, चालू की बंद? एक काय ते सांगून टाका."

हंबीरराव वाईट माणूस नव्हते. शेतकरी पिशवीत माती घेऊन तपासायला यायचे आणि व्हरांड्यात उन्हात ताटकळायचे. त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधायची होती आणि जागा तेवढीच होती. तरी ते म्हणायचे, "तुमचा वाफा धड हाय असं तुम्ही म्हणताय तोवर मी कुणाला फावडं लावू देणार न्हाई. तुमच्या शब्दावर हाय सगळं."

"यंदाचं पीक निघू दे," क्रांती म्हणायची.

एकाच वाफ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे ती शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायची. स्वतःला सांगायचं मात्र दर वर्षी पुढच्या पिकावर जायचं.

"आयला, शून्याला फुटवा!" मागून राजवीरचा आवाज आला. तो तिचा सहकारी, वर्षापूर्वी लागलेला, तिच्या मागे प्रयोग बघणार असलेला. "मॅडम, हा तर बंडखोर निघाला."

"पाय धुतलेस का?"

राजवीरने मुकाट्याने एक पाऊल मागे घेतलं. शून्याच्या वाफ्यात जायचं तर चपला बाहेर काढून, नळावर पाय धुऊन जायचं, असा नियम होता. इतर वाफ्यांतली माती तळव्याला चिकटून आत यायला नको. या वाफ्याची अवजारंही वेगळी, दांड्यांना लाल पट्टा मारलेली. नवी माणसं हसायची. शेजारच्या अपार्टमेंटातल्या एका बाईंना तर तिथे कसलंसं देवस्थान आहे असं वाटलं होतं.

"वरच्या फ्लॅटातून कुणी काही टाकलं असेल," राजवीर लांबूनच म्हणाला. "कावळ्याला घास घालतात बघा पितृपक्षात. नाहीतर कुत्र्यानं हाड पुरलं असणार."

"असेल," क्रांती म्हणाली. "नमुना घेऊ."

तिने लाल पट्ट्याच्या खुरप्याने कोपऱ्यातली मूठभर माती कापडी पिशवीत घेतली. वाफ्याच्या मधोमधची तेवढीच दुसऱ्या पिशवीत.

माती सावलीत वाळली की ती चाळायची आणि मग औषधं घालून काचेच्या नळीत तिचा रंग बघायचा. मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जितकं जास्त तितका निळा रंग गडद. शून्याच्या नळीचा निळा तिला पाठ होता. पांढऱ्या कागदापुढे धरल्याशिवाय तो निळा आहे हे कळतही नसे. मधल्या मातीची नळी तशीच निघाली. कोपऱ्याची नळी शाई सांडल्यासारखी झाली. तिने नळ्या धुतल्या, पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग ती चाळणीकडे वळली. चाळणीवर खडे आणि मुळांचे तुकडे राहतात ते टाकून द्यायचे असतात. त्यात भाताच्या दाण्याहून थोडी मोठी एक पांढरी कपची होती. तिने ती भिंगाखाली धरली. चुनखडी नव्हती. आत बारीक छिद्रं होती, पृष्ठभागावर तडे गेले होते. हाडच होतं, आणि हाडात स्फुरद भरलेलं असतं. पण कुत्र्याने पुरलेलं हाड पिवळट असतं, त्याला दातांच्या खुणा असतात. हे खडूसारखं पांढरं होतं. भाजलेलं.

राजवीर पलीकडच्या टेबलावर काहीतरी टाइप करत होता. "काय निघालं मॅडम?"

"बघते अजून," क्रांती म्हणाली आणि कपची परत मातीत ठेवून पिशवीची नाडी आवळली.

सव्वा वर्षापूर्वी, जोंधळ्याच्या काढणीच्या दिवसांत, पिराजी वारले होते.

पिराजी केंद्रावरचे शेतमजूर. क्रांती आली त्याच्या आधीपासून ते शून्याचा वाफा बघत होते. पेरणी त्यांच्या हातची, खुरपणी त्यांच्या हातची, आणि काढणीच्या दिवशी काट्यावर ते आणि लिहायला ती. ते वजन पुकारायचे, ती ते मोठ्याने म्हणून लिहायची, ते मान हलवायचे, मग पुढची पेंढी. इतक्या वर्षांत त्यांचं एकमेकांशी बोलणं झालं ते बहुतेक एवढंच. एकदा मात्र, ती नवीनच होती तेव्हा, पिराजींनी विचारलं होतं, "म्याडम, सगळ्यास्नी घालतो आपण. ह्येला कवा घालायचं?"

"याला कधीच नाही."

"मग ह्यो मरणार कवा?"

"मरत नाही, पिराजी. दर वर्षी थोडं थोडं कमी देतो. मग एका जागी येऊन थांबतो. तो कुठे थांबतो तेवढंच बघायचं आपण."

पिराजी वाफ्याकडे बघत म्हणाले, "अवघड हाय की हो बिचाऱ्याचं."

आता काट्यावर आकडा क्रांतीच म्हणायची आणि क्रांतीच लिहायची. सवयीने मध्ये थांबायची. मान हलवायला समोर कुणी नसायचं.

त्यांच्या तिसऱ्याला, रक्षा सावडायच्या विधीला, ती गेली नव्हती. त्या दिवशी जोंधळ्याची मोजणी होती. दाण्याचा ओलावा बदलतो, तारीख हलवता येत नाही, असं तिने गणपतीला, त्यांच्या मुलाला, फोनवर सांगितलं होतं. खरं तर एक दिवस हलवता आली असती. नंतर बाराव्याला ती दारात जाऊन उभी राहिली, बायडाबाईंना हात जोडले आणि बोलायला काही सुचेना म्हणून परत आली.

बायडाबाई म्हणजे पिराजींच्या पत्नी. अजूनही खुरपणीला केंद्रावर यायच्या. शून्याच्या वाफ्याच्या कोपऱ्याशी आल्या की त्या थांबायच्या, कमरेवर हात ठेवायच्या, मग पुढे जायच्या. वयामुळे पाठ धरत असेल, असं क्रांतीला वाटायचं.

त्या रविवारी पुण्याहून प्रसेनजीतचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला. तो दर रविवारी यायचा.

"ताई, मेनंतरचं काय ठरवलंस? इथे वरची खोली रिकामीच आहे."

"बघू."

"आणि तुझा तो उपाशी वाफा काय म्हणतोय? एकदा जेवायला घाल की त्याला. तेवढंच पुण्य."

तो हसला. तीही हसली, पण जरा उशिरा. फोन ठेवून ती खिडकीशी गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटातून सगळे वाफे दिसायचे. त्यासाठीच तिने तो घेतला होता. वरून ते वेगवेगळ्या हिरव्या चौकटींसारखे दिसत आणि त्यांत एक फिकट. कोपऱ्यातला डाग इतक्या लांबून दिसत नव्हता. तो कुठे आहे हे आता माहीत होतं, म्हणून ती तिकडेच बघत राहिली. गॅसवरचा एक कप चहा उकळून अर्धा झाला.

जानेवारीत एका दुपारी बायडाबाई आंब्याखाली एकट्या भाकरी खात बसल्या होत्या. क्रांती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"या की म्याडम. भाकरी खातासा? झुणका हाय."

"नको, जेवले मी. बायडाबाई, एक विचारू?"

"इचारा की."

"शून्याच्या वाफ्यात कुणी काही टाकलंय का?"

बायडाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्यात कोण काय टाकतंय? बोर्ड हाय की ह्यो एवढा मोठा. खत घालू नये म्हणून."

"खत नाही. दुसरं काही. ईशान्येच्या कोपऱ्यात."

बायडाबाईंचा हात झुणक्यावर थांबला. त्यांनी तुकडा परत फडक्यावर ठेवला, पदराला बोटं पुसली आणि क्रांतीकडे नीट बघितलं.

"कळलं व्हय तुमास्नी?" त्या म्हणाल्या. "कळणारच की. रोपाचं केस मोजणारी माणसं तुमी."

क्रांती थोडी जवळ सरकली.

"खत न्हवं ते म्याडम. आमचं मालक हाईत."

लांब रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. 

"आता रक्षा नदीत सोडत न्हाईत गावात," बायडाबाई म्हणाल्या. "चांगलंच झालं, नदी घाण व्हत न्हाई. ज्येनं त्येनं आपल्या रानात घालायची आन वर झाड लावायचं. पर ज्येला रानच न्हाई त्येनं कुठं जायचं? गणपती म्हनला, आत्याच्या रानात घालू. मी म्हटलं, अरं, त्या मानसानं जल्मात कवा तिच्या रानात पाय ठेवला न्हाई, बांधावरनं भांडान झाल्यालं. आता मेल्यावर तितं जाऊन बसू दे काय? त्येचं रान हेच. सगळा जलम हितंच गेला."

"पण दुसरे वाफे होते. आंबा होता. आंब्याच्या बुडाशी—"

"आंब्याबुडी हायच की. निम्मी हितं घातली, गणपतीच्या हातनं." त्यांनी बसल्या जागीच जमिनीवर हात टेकला. "पर दुसऱ्या वाफ्यात तुमी युरिया टाकतासा, औषध मारतासा. त्या एकाच वाफ्यात काय बी न्हाई. निव्वळ माती. आन ते सारखं म्हणायचं, त्या वाफ्याला कोण न्हाई म्हणून. तर म्हटलं, असू दे दोन मुठी. येकमेकास्नी सोबत व्हईल." त्या थोडं हसल्या. "पाय धुऊन गेलतो मी आत. त्येंच्यागत. तुमचा नेम मोडला न्हाई."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुमी कुठं आलासा तिसऱ्याला? आला असतासा तर इचारलं असतं की."

आवाजात राग नव्हता. पाऊस पडला नाही म्हणून पेरलं नाही, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. क्रांतीला रागच बरा वाटला असता.

"मग आता काय?" बायडाबाईंनी भाकरीचं फडकं गुंडाळायला घेतलं. अर्धी भाकरी तशीच राहिली होती. "काढून टाकणार त्येस्नी?"

"बघते," क्रांती म्हणाली.

"तुमचं बघते म्हंजे लई दिस चालतंय बघा म्याडम," बायडाबाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

क्रांतीने राजवीरला सगळं सांगितलं ते त्यानंतर आठवड्याने. ऐकून झाल्यावर तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

"मॅडम, मला वाईट वाटतंय. खरंच. पण उपाय आहे," तो म्हणाला. "कोपऱ्यातली फूटभर माती काढून घेऊ. थोडी जास्तच काढू, म्हणजे शंका नको. आणि लिहू, की कुत्र्यानं कोपरा उकरला, तेवढा भाग मोजणीतून वगळला. वाफा मोठा आहे. कोपरा गेला तर काही बिघडत नाही."

"कुत्र्याने उकरला नाही."

"मग कारण लिहायला नको. नुसतं वगळला लिहू."

"आणि ती माती?"

राजवीरने मान खाली घातली. "मागच्या भिंतीला भराव पाहिजे आहे," तो हळू म्हणाला, आणि लगेच, "नाहीतर नदीत सोडू या. विधिवत. मी स्वतः जातो."

"तिथे नको म्हणून तर इथे आले ते."

"मॅडम, मग सगळं संपलं ना! हंबीररावांना कळलं की दुसऱ्या दिवशी जेसीबी. सेहेचाळीस वर्षं झाली. अख्ख्या भागात असा दुसरा वाफा नाही. तुम्ही मेमध्ये जाल. मला धड प्रयोग द्या हातात, मी पुढची तीस वर्षं बघतो. पाय धुऊन बघतो." त्याचा आवाज चढला होता. त्याने तो आवरला. "दोन मुठी राख आहे मॅडम. फक्त दोन मुठी."

तो चूक बोलत नव्हता, हीच अडचण होती. माती काढली तर उरलेला वाफा शून्यच राहत होता. आणि माती न काढता नुसतं गप्प बसलं, तरी कुणाला कळणार नव्हतं. गडद कोपरा आणि फिकट वाफा एकत्र मोजला की सरासरीत सगळं बुडून जातं. पुढे तीस वर्षांनी कुणीतरी आकडे मांडेल आणि म्हणेल, या एका साली मातीने जरा उचल खाल्लेली दिसते, कारण अज्ञात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लाल पट्ट्याची कुदळ घेतली. चपला काढल्या, पाय धुतले आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कोपऱ्यातला गहू आता ओंब्यांवर आला होता, वाऱ्याला हलत होता. बाकीचा वाफा हलण्याइतका दाट नव्हता. कुदळीचा दांडा हाताला गुळगुळीत लागत होता. तो तसा झाला होता तो तिच्या हाताने नव्हे. तिने कुदळ परत जागेवर नेऊन ठेवली.

तिच्या कपाटात कोपऱ्याच्या मातीची ती कापडी पिशवी होती. वाफ्यातून घेतलेली माती कधीही परत वाफ्यात टाकायची नाही, हा मगदूम सरांचा नियम. बाहेर गेलेली माती कशाकशाला लागून येईल सांगता येत नाही. उरलेला प्रत्येक नमुना बाटलीत भरायचा, वर साल घालायचं आणि फळीवर ठेवायचा. फळ्यांवर अशा बाटल्यांच्या रांगा होत्या, मागच्या बाटल्यांची झाकणं गंजून गेलेली. क्रांतीने एक रिकामी बाटली घेतली, चिकटपट्टीवर साल घातलं. पिशवी उघडली. पांढरी कपची वरच होती.

बाटली भरायला तिला जमलं नाही. बाटलीत भरून, वर आकडा घालून, फळीवर ठेवायचं कुणाला? जो माणूस आयुष्यभर तिच्यासमोर वजनं पुकारत उभा राहिला, त्याला?

ऊन कलायला आलं होतं. मजूर घरी गेले होते, राजवीर बँकेत गेला होता. क्रांती नळावर गेली. पाय धुतले, टाचाही घासल्या. मग कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसली, पिशवी उलटी केली आणि माती तीन काड्यांच्या त्या रोपाच्या बुडाशी सोडली. बोटांनी सारखी केली. पिशवी झटकली नाही. हाताने आतून पुसून घेतली.

इतक्या वर्षांत शून्याच्या वाफ्यात तिने स्वतःच्या हाताने काही घातलं ते हे पहिलंच.   तिने इकडेतिकडे पाहिलं. सवयीने तोंडातून शब्द आले, "झालं पिराजी." मग ती तिथेच बसून राहिली. पलीकडच्या गॅलरीत एक बाई कपडे काढत होत्या. त्यांनी खाली बघून हात जोडल्यासारखं केलं आणि आत गेल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी शेतफेरी झाली. हंबीरराव आले, ट्रस्टचे आणखी दोघे आले, केंद्रातली माणसं आली. बायडाबाई शेणखताच्या वाफ्याच्या कडेला तण काढत होत्या. माणसं बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात चालूच ठेवला. राजवीर प्रत्येक वाफ्यापाशी थांबून माहिती सांगत होता. नेहमीपेक्षा भरभर सांगत होता आणि मधूनमधून क्रांतीकडे बघत होता. तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. आपण काय म्हणणार हे तिला स्वतःलाही नळाजवळ पोचेपर्यंत पक्कं ठाऊक नव्हतं.

शून्याच्या वाफ्यापाशी सगळे थांबले. हंबीररावांनी काठी बांधावर टेकली.

"ह्यो तुमचा उपाशी गडी," ते म्हणाले. "पावणं, चपला घालून पुढं जाऊ नका, मॅडम हाणतील." बरोबरचे दोघे हसले. मग हंबीररावांनी डोळे बारीक केले. "त्या कोपऱ्यात जरा बरा दिसतोय की हो गहू."

राजवीर पुढे झाला. "ते काय आहे सर, तिथे—"

"राजवीर," क्रांती म्हणाली.

तो थांबला. बायडाबाईंचं खुरपंही थांबलं होतं. क्रांतीला ते न बघताच कळलं. इतका वेळ मातीत चाललेला बारीक आवाज बंद झाला होता.

"मग मॅडम?" हंबीररावांनी हसत विचारलं. उत्तर ठरलेलंच असल्यामुळे ते बोलता बोलता वळायलाही लागले होते. "चालू की बंद? का यंदाचं पीक निघू दे?"

"बंद," क्रांती म्हणाली.

हंबीरराव वळता वळता थांबले.

तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला होता, काट्यावर वजन पुकारावं तसा. तिने तो कमी केला नाही.

"हा वाफा आता शून्य नाही. या कोपऱ्यात पिराजींची रक्षा आहे, हे मला जानेवारीपासून माहीत आहे. पण हे निमित्त. पुरानंतर एकाच वाफ्यावर प्रयोग उभा राहत नाही, हे त्याच्याही आधीपासून माहीत होतं, मी बोलत नव्हते. तसं लिहून देते. तुमची प्रयोगशाळा बांधा. पण हा कोपरा खणायचा नाही."